गिधाडांचं पान

जिल्ह्यातल्या पक्ष्यांची यादी करायचं ठरलं तेव्हा आम्ही सातजण जमलो होतो. तिघं कॉलेजात शिकवणारे, एक वनखात्यातून निवृत्त झालेले साहेब आणि बाकीचे रविवारी मोठाले कॅमेरे घेऊन तलावांवर फिरणारे हौशी लोक. कुणी पाणपक्षी घेतले, कुणी घुबडं, कुणी माळावरचे पक्षी. गरुड-ससाण्यांवर तर दोघांनी एकदमच हक्क सांगितला. गिधाडं मात्र कुणाला नको होती, कारण त्यांचा फोटो कुणाकडेच नव्हता. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुम्ही प्राणिशास्त्राचे. गिधाडांचं पान तुम्ही करा."

मी हो म्हणालो. वर्ध्याच्या एका कॉलेजात मी पंधरा वर्षं प्राणिशास्त्र शिकवतो. दरवर्षी फळ्यावर चोची काढतो, पाय काढतो. अमेरिकेतली गिधाडं आणि आपली गिधाडं दिसायला सारखी, पण नात्यानं लांबची, हे पोरांना समजावून सांगतो. दोघांची मान उघडी, दोघांचे पंख रुंद, दोघंही मेलेल्यावर जगणारी. काम सारखं म्हणून रूप सारखं झालं, कुळ काही एक नव्हे. ढोरांना सुजेवर द्यायच्या एका औषधानं आपली गिधाडं कशी संपली तेही शिकवतो. औषध दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात, आतले अवयव चुना फासल्यासारखे पांढरे होतात. हे सगळं मला पाठ आहे. पण जिवंत गिधाड म्हणाल तर लहानपणी उन्हाळ्यात आभाळात फिरणारे चार-सहा ठिपके, एवढंच मी पाहिलेलं.

साहेबांनी दिलेल्या तक्त्यात रकाने होते. जाती, शास्त्रीय नाव, शेवटची नोंद, पुरावा. चार जातींची नावं मी पहिल्याच दिवशी भरली. पांढऱ्या पाठीचं गिधाड, लांब चोचीचं गिधाड, लाल डोक्याचं म्हणजे राजगिधाड आणि कोंबडीहून थोडं मोठं असतं ते पांढरं गिधाड. पुढचे दोन रकाने रिकामे राहिले.

मग मी सुट्टीच्या दिवशी गाडी काढून गावं फिरू लागलो. अल्लीपूरला गेलो, सिंदीला गेलो, म्हाताऱ्या माणसांना विचारलं. सगळे एकच सांगत. "होते ना बाप्पा, लय होते. आता नाई." कोणती होती, कुठं बसत, अंडी कोणत्या झाडावर घालत, हे विचारलं की माणसं हसत. गिधाडाकडं इतकं निरखून कोण पाहतं?

शेवटी सेलू तालुक्यातल्या एका गावात गेलो. ते माझ्या वडिलांचं गाव. आम्ही भावंडं तिथं कधी राहिलो नाही. वडील मास्तर झाले, नोकरीवर निघाले ते परत गेलेच नाहीत. पारावर एक ऐंशीच्या पुढचे शेतकरी बसले होते. घरची बरी शेती असलेले, अंगात स्वच्छ बंडी. त्यांनी माझं ऐकून घेतलं, आडनाव विचारलं, आजोबांचं नाव विचारलं आणि मग माझ्याकडं नीट निरखून पाहिलं.

"मंग मले काऊन विचारून राह्यला बाबू?" ते म्हणाले. "आमी नाकाले धोतर लावून दुरून पाह्यलं. जवळून पाह्यलं ते तुह्या आज्यानं. अन् तुह्या बापानं. लहान होता, पण काठी घेऊन बसे थो तेथ."

ते टोचून बोलले नव्हते. माहिती द्यावी तशी त्यांनी दिली, चहा पाजला आणि गाडीपर्यंत सोडायला आले. पण परतीच्या वाटेवर मला दोनदा गाडी थांबवावी लागली. दीक्षेच्या आधी आमच्या लोकांना कोणती कामं करावी लागत हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकांतून माहीत होतं, भाषणांतून माहीत होतं. आपल्या बापाच्या हातात ती काठी होती, हे माहीत नव्हतं.

वडील तेव्हा माझ्याकडेच असत. आई जाऊन चार वर्षं झाली होती. सकाळी वंदना, मग आंघोळ, मग स्वतः इस्त्री केलेला पांढरा शर्ट आणि शेवटच्या ओळीपर्यंत पेपर. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि घरातही मास्तरच होते. आम्ही 'मले', 'तुले' म्हटलं की जेवताजेवता थांबवून 'मला', 'तुला' म्हणायला लावत. त्यांच्या स्वतःच्या तोंडून वऱ्हाडी शब्द मी कधी ऐकला नव्हता.

मी त्याच दिवशी विचारलं. "बाबा, मी गावाला जाऊन आलो. गिधाडांबद्दल विचारत होतो."

त्यांनी पेपर खाली ठेवला नाही. "गिधाडं सगळ्यांनीच पाहिली आहेत. त्यात विचारण्यासारखं काय?"

"तुम्ही जवळून पाहिलीत म्हणे."

"कोण म्हणालं?"

मी सांगितलं. पेपर तसाच राहिला. ते म्हणाले, "त्या गावाला पुन्हा जाऊ नकोस."

तिथंच थांबायला हवं होतं. माझी बायको शाळेत शिकवते, माणसं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतात. ती म्हणाली, "त्यांना नका हो छळू. एक पान कमी राहील यादीत." पण मला झोप लागेना. जिल्ह्यात कदाचित एकच माणूस असा उरला होता, ज्यानं ही गिधाडं हाताच्या अंतरावर पाहिली होती, आणि तो माझ्याच घरात शेजारच्या खोलीत होता. मी पक्ष्यांचं चित्रांचं पुस्तक मुद्दाम त्यांच्या टेबलावर उघडं ठेवू लागलो. शेजारी तक्ताही ठेवला.

एकदा त्यांनी तक्ता उचलला, चष्मा लावला. "जाती," ते मोठ्यानं वाचून म्हणाले. "पाखरांच्यासुद्धा जाती करता का तुम्ही?"

"बाबा, ते शास्त्रातलं आहे."

"हो. शास्त्रातलंच म्हणत होते सगळे."

त्यांनी तक्ता खाली ठेवला. पण मग पुस्तकाचं पान उलटलं आणि लाल डोक्याच्या गिधाडावर त्यांचं बोट थांबलं. थांबलं ते निघेना. मी दारातून पाहत होतो.

आठवड्याभरानं ते बोलले. ऑक्टोबरमधली दुपार होती, वीज गेली होती. बायको शाळेत. आम्ही दोघं मागच्या ओट्यावर खुर्च्या टाकून बसलो होतो. ते समोरच्या भिंतीकडं पाहत होते आणि एकदम म्हणाले, "मले आठ वर्सं होते तवा."

मी खिशातून फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि स्क्रीन खाली करून खुर्चीशेजारी ठेवला. त्यांच्या लक्षात आलं नाही.

गावात ढोर मेलं की सांगावा येई. आजोबा आणि आणखी तिघं ते ओढत गावाबाहेर नाल्याकाठच्या पडीकात नेत. चामडं काढून होईपर्यंत पाखरांना दूर ठेवायचं काम पोरांचं. चोच लागून चामड्याला भोक पडलं तर ते वाया जाई, म्हणून वडील काठी घेऊन बसत. आधी कावळे येत. मग ते पांढरं, पिवळ्या तोंडाचं, कोंबडीसारखं चालणारं. मग गावातली कुत्री. आणि मग वरून पांढऱ्या पाठीची, एकामागून एक, पाय खाली सोडून. "आंग पाडल्यावानी पडत," ते म्हणाले. चामडं निघालं आणि माणसं बाजूला झाली की सगळी एकदम तुटून पडत. एक विडी ओढून होईपर्यंत बैल संपे. नुसता सांगाडा राही.

त्यांनी पाहिलं होतं की पोटभर खाल्लेलं गिधाड उडू शकत नाही. ते पळत सुटतं आणि मागं लागलात तर खाल्लेलं ओकून हलकं होतं. त्यांनी पाहिलं होतं की उन्हाच्या वेळी गिधाडं स्वतःच्या पायांवर विष्ठा सोडतात, त्यानं पाय पांढरे दिसतात. "थंड वाटत असन त्याइले," ते म्हणाले. आम्ही हे एम.एस्सी.ला शिकतो. नाल्यावरच्या अर्जुनाच्या झाडावर त्यांनी घरटी मोजली होती. वर्षाला एकच अंडं, त्यातलंही एखादं वाया जाई.

मी हळूच विचारलं, "आणि लाल डोक्याचं?"

"थे येकटं ये. फार तं जोडीनं. लोक मनत का थो राजा हाये, बाकीचे त्याले वाट देतात. खोटं हाये. बाकीचे जमले का थेच बाजूले सरे अन् दूर उभं राहे. आमच्यातले बुढे त्याले पाटील मनत. पाटील मागं सरला का तोंडातल्या तोंडात हासत."

आणि वडील हसले. दात नसलेलं, लहान मुलासारखं. आईच्या जाण्यानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मीही हसलो. राजगिधाडाच्या नावामागची ती समजूत पुस्तकांतही सापडते आणि माझ्या बापानं आठव्या वर्षी ती खोटी ठरवली होती. मला आतून आनंदानं उड्या माराव्यात असं काही होत होतं. त्याची आता मला लाज वाटते.

मग ते पुढचं बोलले.

आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि त्याच आठवड्यात त्यांनी सांगून टाकलं, आता ढोर ओढायचं नाही. गावानं आमच्या लोकांना कामं देणं बंद केलं, गिरणीवर पीठ दळून देणं बंद केलं. आमचे लोक हटले नाहीत. पंधरा दिवसांनी गावात एका मोठ्या घरचा बैल मेला. ओढायला कुणी येईना. त्यांच्या गड्यांनी तो कसाबसा शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेपर्यंत नेला आणि टाकला. चामडं कुणी काढलं नाही, आणि चोचीनं भोक पडलं तरी बैलाचं अख्खं जाड चामडं गिधाडांना सहज फाडता येत नाही. ती कुजण्याची वाट पाहत शाळेच्या कवेलूंवर, म्हणजे छपराच्या कौलांवर, बसून राहिली. तीन दिवस. वर्गात वास भरला, कवेलू घसरून पडू लागले.

"मी तवा चवथीत होतो," वडील म्हणाले. "खिडकीतून ते दिसत. मले भेव वाटे का आता मास्तर मलेच पाठवन. अन् मास्तरनं पाठवलं. फळ्यावर दाखवायची छडी माह्या हातात देल्ली अन् मने, तू जा रे, तुले सवय हाये."

"तुम्ही गेलात?"

"गेलतो. मास्तर होता ना. नाई कसं मनाव? गेलतो अन् हाकलले. येक माह्या आंगावर ओकलं. नाल्यावर शर्ट धुतला. घरी सांगतलं का चिखलात पडलो. बाप मले काईच नाई बोलला. पण त्याले वास आला असन. तो वास त्याच्याहून जास्त कोनाले मालूम होता?"

शेजारच्या घरात पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. वीज आली होती. वडिलांनी तोंडावरून हात फिरवला आणि जणू शाळेची घंटा झाली तसे ते उठले.

"यातलं काही लिहू नकोस," ते पुन्हा आपल्या नेहमीच्या भाषेत म्हणाले.

"नाही लिहीत, बाबा," मी म्हणालो.

मी लिहिलं. चार दिवसांत लिहिलं. शाळेचा प्रसंग गाळला आणि तेवढ्यावर शब्द पाळला असं स्वतःला समजावलं. येण्याचा क्रम, पांढरे पाय, ओकणं, अर्जुनावरची घरटी, मागं सरणारं राजगिधाड, सगळं लिहिलं. माहिती देणाऱ्याचं नाव टाकलं नाही. 'लहानपणी मृत जनावरांवर राखण केलेले एक निवृत्त शिक्षक' असं लिहिलं आणि गावाचं नाव मात्र लिहिलं, कारण नोंदीला ठिकाण लागतं.

बैठकीत मी ते वाचून दाखवलं. कॅमेरेवाल्यांपैकी एकानं टाळ्या वाजवल्या. साहेब शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "सर, ऐकायला फार चांगलं आहे. पण फोटो नाही, नमुना नाही, तारीख नाही. पंचाहत्तरीच्या माणसाची आठवण म्हणजे नोंद नव्हे. उद्या कुणी बोट दाखवलं तर उत्तर काय देणार?"

मी भांडलो. आवाजही चढवला. पण खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असतो तर तेच म्हणालो असतो. मी स्वतः पोरांना तेच शिकवतो. शेवटी चारही जातींपुढं एकच वाक्य ठेवायचं ठरलं. 'पूर्वी जिल्ह्यात आढळत असे.'

लेख मी आधीच आमच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला होता. तिथून तो कुठं कुठं गेला मला माहीत नाही. पंधरा दिवसांनी कॉलेजातून घरी आलो तर समोरच्या खोलीत वडिलांबरोबर नोकरी केलेले एक जुने मास्तर बसले होते. चहाचा कप तसाच, साय धरलेली. ते कौतुक करायला आले होते. "सर, तुमच्या मुलानं तुमच्यावर किती छान लिहिलं," असं म्हणत त्यांनी आपला फोन वडिलांच्या हातात दिला होता. गावाचं नाव आणि निवृत्त शिक्षक, एवढं त्यांना पुरेसं होतं.

वडील फोन डोळ्यांजवळ धरून वाचत होते. बोटानं ओळी वर सरकवत होते. मी दारातच उभा राहिलो. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, फोन पाहुण्यांना परत दिला, त्यांना फाटकापर्यंत सोडून आले आणि मग माझ्याकडं वळले.

"चांगलं लिहिलं आहेस," ते म्हणाले. "दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलं आहे."

"बाबा, मी..."

"तू त्या दिवशी काही लिहून घेत नव्हतास. इतकं सगळं लक्षात कसं राहिलं?"

त्यांनी हात पुढं केला. मी फोन दिला नाही, पण ते रेकॉर्डिंग काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. एकेचाळीस मिनिटांचं होतं. "पुसून टाक," ते म्हणाले. मी पुसलं. दुसरीकडं कुठं आहे का, असं त्यांनी विचारलं. नव्हतं. मी आळसानं ते कुठं उतरवून ठेवलंच नव्हतं.

"शाळेचं नाही लिहिलं मी," मी म्हणालो.

ते आत गेले, हातपाय धुतले आणि वंदनेला बसले.

त्यानंतर घरात काहीच बिघडलं नाही. तेच सगळ्यात वाईट होतं. ते वेळेवर जेवत, नातवंडाचा अभ्यास घेत, मी विचारलं की उत्तर देत. अगदी शुद्ध, पुस्तकी मराठीत, एखाद्या तपासणीला आलेल्या साहेबाशी बोलावं तसं. मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा ते म्हणाले, "ठीक आहे. विषय संपला." ओट्यावर मी जाऊन बसलो की ते थोड्या वेळानं उठत. रागानं नव्हे. काहीतरी काम आठवल्यासारखं.

यादीची पुस्तिका निघाली. प्रकाशन झालं, हारतुरे झाले. घरी आणलेली प्रत मी कपाटात वर ठेवली, त्यांच्या हाताला लागू नये म्हणून. ती त्यांनी कधी मागितलीही नाही.

गेल्या वर्षी ते गेले. सेवाग्रामच्या दवाखान्यात अकरा दिवस होते. मी रजा काढून बसून होतो. शेवटचे तीन दिवस सोडले तर शुद्धीवर होते. बायकोशी बोलले, बहिणीशी बोलले, नर्सबाईंना त्यांचं गाव विचारलं. माझ्याकडं पाहून एकदा पाणी मागितलं. बोलायची ताकद नव्हती असं नाही. माझ्याशी बोलायचं नव्हतं.

आता मी हे लिहितो आहे, शाळेच्या प्रसंगासकट. म्हणजे जे तेव्हा गाळलं तेही आता उघड केलं. नाव कुणाचंच घातलेलं नाही, आणि नाव नसल्यानं काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे. तरी लिहितो आहे. यामागं काही मोठा विचार आहे असं मला म्हणता येत नाही. ते कुणाजवळ तरी राहावं असं वाटलं, आणि तसं वाटण्याचा हक्क मला नाही हेही कळतं.

या हिवाळ्यात पेपरात आलं होतं की पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं इकडच्या जंगलात सोडली आहेत, पाठीवर यंत्र बांधून, म्हणजे ती कुठं जातात ते कळावं. त्यांतली काही मेली, असंही पुढं वाचलं. मी ते बायकोला सांगायला स्वयंपाकघरात गेलो. ती पोळ्या लाटत होती. "अगं, गिधाडं सोडली आहेत," मी म्हणालो.

"कुठं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं मान हलवली आणि पोळी तव्यावर टाकली. मग मी पेपर घडी घालून रद्दीवर ठेवला आणि कॉलेजला निघालो. पहिल्या तासाला चोचींचा धडा होता.